मिरवणुकीतील डीजेच्या आवाजाबाबत मदत हवी आहे

आमच्या गल्लीतील गणेश मंडळाची मुले कष्टाळू आहेत, वर्गणीचा हिशेबही चोख ठेवतात. मात्र यंदा ढोल-ताशा सोडून त्यांनी डीजे आणला आणि भिंतीएवढ्या स्पीकरमधून रिमिक्स गाणी सुरू झाली की आमच्या मांडणीतील ताटल्या थरथरत होत्या, शेजारच्या आजी कानांत बोळे घालून बसल्या होत्या. (समोर मोबाइल उंचावून रील करणाऱ्यांना त्याचे काहीच वाटत नव्हते, हे विशेष.) २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवरील ॲपने घेतलेली नोंद पोलीस तक्रारीसोबत ग्राह्य धरतात का? तक्रारीपूर्वी मुलांशी बोलून कोणी आवाज कमी करून घेतला असल्यास, त्यांना नेमके काय सांगितले, ते कृपया कळवावे.