आदेशाची व्याप्ती एवढीच नव्हती
अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला आपोआप मिळणाऱ्या, म्हणजे जन्मसिद्ध नागरिकत्वाविषयीचा ट्रम्प यांचा आदेश फक्त तिथे बेकायदा राहणाऱ्यांपुरता होता, असे म्हटले जाते; ते अपुरे आहे. २० जानेवारी २०२५ च्या त्या आदेशाने, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक (कायम वास्तव्याचा परवाना असलेले) नसतील, तर त्यांच्या बाळालाही नागरिकत्व नाकारले. म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे ताटकळणारी, एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेली आपल्याकडची जोडपीही त्यात आली. वादाचे मूळ १८६८ च्या चौदाव्या अमेरिकी घटनादुरुस्तीत आहे: अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ असलेली व्यक्ती नागरिक, असे ती सांगते, आणि वाद या शेवटच्या शब्दांवर आहे. चिनी आईवडिलांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा तो नागरिक नाही असे म्हणत त्याला काही महिने बंदरातल्या जहाजांवरच अडकवून ठेवले होते. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नागरिक ठरवले. त्याचे आईवडील तिथे कायमचे स्थायिक होते, म्हणून तो निकाल तात्पुरत्या व्हिसावाल्यांना लागू नाही, या मुद्द्यावर ट्रम्प सरकारची भिस्त होती. मला तो युक्तिवाद ओढूनताणून आणलेला वाटतो, कारण त्या दुरुस्तीत आईवडिलांचा उल्लेखच नाही. सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२५ चा निकाल म्हणजे आदेशावर शिक्कामोर्तब, असे कोणी म्हणत असेल तर तेही खरे नव्हे: तेव्हा न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांच्या देशव्यापी मनाईहुकुमांना लगाम घातला, आदेशाच्या वैधतेला हात लावला नाही, आणि पंधरवड्यातच न्यू हॅम्पशायर राज्यात सामूहिक दाव्याच्या (सर्व बाधितांच्या वतीने केलेल्या एकाच दाव्याच्या) वाटेने आदेशाला पुन्हा मनाई मिळाली.