मदत हवी आहे : वेल्डिंग मशीनचा पिवळा लाईट लागतोय, कार्ड (आतली सर्किट प्लेट) गेलंय का लाईनचा लोचा आहे?

नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, गेट, ग्रील, रेलिंग असली कामं. मशीन सिंगल फेज २०० अँपिअरचं इन्व्हर्टर, वॉरंटी संपलेली. २.५ मिमीचा रॉड ८० अँपिअरवर एकदम झकास चालतो, पण ३.१५ चा लावून ११० वर नेलं की अर्धा रॉड जळेपर्यंत पिवळा लाईट लागतो, आर्क तुटतो आणि रॉड जॉबला चिकटून बसतो. फॅन फिरतोय, एमसीबी पडत नाही, जळका वास पण नाही.

दुपारी जरा थांबलं की लाईट आपोआप जातो. संध्याकाळी मात्र शेजारचे लूम (यंत्रमाग) जोरात असले की रॉड टेकवताच लागतो, आणि मशीन बंद-चालू केल्याशिवाय जातच नाही. हे दोन्ही एकच आहे असं मला तरी वाटेना.

मल्टिमीटर लावला तर मशीन नुसतं चालू असताना सॉकेटला २२५ व्होल्ट, वेल्डिंग करताना १८०. त्याच वेळी पोराला लाईटच्या मीटरपाशी उभं केलं, तिथं २१०. दुरुस्तीवाला म्हणतो कार्ड बदला, चार हजार, तेही मशीन न उघडता! बरं हेच मशीन होटगी रोडला पाहुण्यांच्या बांधकामावर नेलं तर ३.१५ चे रॉड सलग ओढले की, काय झालं नाही. मीटरपासून मशीनपर्यंत वायर ४० मीटर, १.५ स्क्वेअरची (चौरस मिमी जाडीची), जागा घेतली तेव्हापासूनची. होल्डर, अर्थिंग क्लॅम्प नवीन आहेत.

प्रतिसाद :
मालक, कार्डाला हात लावू नका. मीटरला २१० आणि मशीनला १८० म्हणजे ३० व्होल्ट तुमच्याच वायरीत जळतायत. १.५ स्क्वेअर तांब्याचा रेझिस्टन्स दर एक मीटर लांबीला १२ मिलिओहम, जाऊन-येऊन ४० मीटरचा जवळपास १ ओहम झाला. ११० वर मशीन लाईनमधून २५ अँपिअरच्या आसपास ओढणार, म्हणजे २४-२५ व्होल्ट तिथंच गेले. उरलेले कुठंतरी ढिल्या जॉइंटला, मला न्यूट्रलचा संशय येतोय. मेन बंद करून बघा. व्होल्टेज पडलं की तेवढीच पॉवर द्यायला मशीन जास्त करंट ओढतं आणि प्रोटेक्शन लागतं, बंद-चालू केल्यावर जाणारा लाईट बहुतेक तोच.

दुपारचा गरमीचा. ड्यूटी सायकल (मशीन न थांबता किती वेळ चालवायचं ते) साधारण ४० डिग्रीला धरलेली असते आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. त्यात लूमचा कापूस आणि ग्राइंडरची भुकटी हीटसिंकमध्ये (आतल्या गार करणाऱ्या पट्ट्यांत) बसते, ब्लोअर मारा. पण प्लग काढल्यावर लगेच उघडू नका, कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर डीसी राहतं, मल्टिमीटर लावून ते उतरल्याची खात्री करा मगच हात घाला.

धागाकर्ता :
न्यूट्रलच्या जॉइंटची टेप वितळून काळी पडलीय! मशीन मीटरपाशीच ठेवून चालवलं तर ३.१५ व्यवस्थित ओढतंय, भर संध्याकाळी. आता ४ स्क्वेअर तांबं लय महाग पडतंय, अ‍ॅल्युमिनियम चालेल का?

प्रतिसाद :
चालेल, पण मग ६ च्या खाली नको. टोकाला लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घ्या, तांब्याला नुसता पीळ मारून टेप गुंडाळली तर परत तेच.