मुंगूस, मँगो, कॅश्यू: वर्गात खेळायला इंग्रजी शब्द हवेत

बोंडू_फोंडा: आठवीच्या मुलांसाठी अर्ध्या तासाचा शब्दखेळ करायचा आहे. इंग्रजीतले गमतीदार शब्द हवेत, पण गोव्याच्या मुलांना ओळखीचे वाटतील असे. व्हॉट्सॲपवर फिरतं त्यातलं निम्मं थापांचं असतं, म्हणून इथे विचारतोय.

शब्दकिडा: 'मॉंगूस'पासून सुरू करा. फळ्यावर स्पेलिंग लिहून अनेकवचन विचारा. कोणीतरी 'मॉंगीस' म्हणणारच! गूसचं गीस होतं ते जुन्या जर्मानिक स्वरबदलामुळे, फूट-फीट, टूथ-टीथसारखं. मॉंगूस मात्र मुळात आपला मुंगूस. 17व्या शतकात तो इंग्रजीत गेला आणि शेवटाला ओळखीचा 'गूस' चिकटला. अनेकवचन सरळ 'मॉंगूसेस'.

दुसरा 'मँगो'. मल्याळम 'मांगा' पोर्तुगीजांनी 'मांगा' म्हणूनच उचलला, तिथून इंग्रजीत. खरी गंमत पुढे आहे. त्या काळी इंग्लंडात ताजा आंबा पोचायचाच नाही, पोचायचं ते लोणचं. त्यामुळे मसाला भरून मुरवलेल्या काकडीला, खरबुजालाही तिथे 'मँगो' म्हणू लागले आणि 'टू मँगो' हे क्रियापद झालं: असं लोणचं घालणे.

मांडवीकाठ: कॅश्यू राहिला की! तो तर कोंकणी काजूवरूनच गेला.

शब्दकिडा: नाही हो, इथेच सगळे फसतात. झाड ब्राझीलचं, शब्द तिथल्या तुपी भाषेतला, 'अकाजू'. पोर्तुगीजांनी 'काजू' केला; एक फांदी आपल्याकडे आली, दुसरी इंग्रजीत गेली. बटाटा आणि पोटॅटो तसेच, एकाच 'बटाटा'ची भावंडं. मूळ कॅरिबियन बेटांवरचं, आणि अर्थ रताळं!

जुनी_वही: 'कोब्रा' घ्याच. पोर्तुगीजमध्ये कोब्रा म्हणजे कुठलाही साप. नागाला 'कोब्रा द कापेलो', म्हणजे फडीवाला साप. इंग्रजांनी शेपूट कापलं आणि साधा साप नाग झाला.

खेळ असा घ्या: बारा शब्द, बारा चिठ्ठ्या, चार गट. प्रत्येक चिठ्ठी 'इथून गेलेला', 'पोर्तुगीजांनी बाहेरून आणलेला' किंवा 'थाप' यांपैकी एका ढिगात टाकायची. मँगो पहिल्या ढिगात, काजू दुसऱ्या. थापेसाठी 'न्यूज' ठेवा, म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ. खरं तर ते 'न्यू'चंच अनेकवचन. नुसत्या साम्यावर गुण देऊ नका. वाट सांगता आली तरच द्या, नाहीतर मुलं प्रत्येक शब्द संस्कृतात नेऊन सोडतात. अडलात तर 1886चा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश बघा, जुनी स्पेलिंगं सालांसकट सापडतात. त्याचं नावही चिठ्ठीवर चालेल: मोहरममधल्या 'या हसन, या हुसैन'चं गोऱ्या शिपायांच्या तोंडी झालेलं रूप.

बोंडू_फोंडा: नऊ चिठ्ठ्या झाल्या. 'मॉन्सून' पोर्तुगीजांच्या ढिगात टाकू ना?

शब्दकिडा: हो. अरबी 'मौसिम', पोर्तुगीज 'मोंसांव', मग इंग्रजी. आपला 'मोसम' त्याच अरबीतून, फक्त फारसीच्या वाटेनं.