प्रशिक्षक बदलला की क्वार्टरबॅक सुधारतो का?

सरोवरकाठ (शिकागो)

२०२४ चा थँक्सगिव्हिंग. घरात पंधरा माणसं, ओट्यावर पुऱ्या तळणं चालू आणि टीव्हीवर डेट्रॉइटहून अमेरिकन फुटबॉल, लायन्स विरुद्ध आमचे शिकागोचे बेअर्स. आपण २३-२० ने मागे, अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ शिल्लक, घड्याळ थांबवायचा एक टाइमआऊट हातात. आपला क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, चेंडू फेकणारा गडी) केलेब विल्यम्स, त्याला सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकायच्या आधीच आडवा पाडला. हरकत नाही, टाइमआऊट घ्या, थोडे यार्ड मिळवा, फील्ड गोल मारा (लाथेने तीन गुण), बरोबरी. पण कोणी टाइमआऊट घेईचना! घड्याळ पळतंय, पोरं धावपळ करत रांगेत उभी राहतायत आणि मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस मैदानाकडे बघत उभे. शेवटच्या क्षणी एक लांब फेक, चेंडू गवतावर, खेळ खलास. सासरे हा खेळ जन्मात पहिल्यांदा बघत होते. तेही खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "अहो, थांबवत का नाहीत?"

दुसऱ्याच दिवशी एबरफ्लूसना नारळ मिळाला. १९२० पासून खेळणाऱ्या या संघाने चालू मोसमात मुख्य प्रशिक्षकाला काढायची ही पहिलीच वेळ. त्याच्या अडीच आठवडे आधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव ठरवणारे) शेन वॉल्ड्रन गेले होते. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या क्रमांकावर घेतलेला, आणि पहिल्याच मोसमात त्याच्या डोक्यावरची माणसं अशी भराभर बदलली. ६८ सॅक खाल्ले त्याने. शेवट ५-१२, म्हणजे पाच विजय, बारा पराभव.

मग आले बेन जॉन्सन. त्या थँक्सगिव्हिंगला समोरच्या बाजूने लायन्सचे डाव सांगणारे हेच! २०२५ मध्ये बेअर्स ११-६, सॅक ६८ वरून २४. पोरगा तोच, शहर तेच, सरोवरावरचा वारा तोच. म्हणून माझं स्पष्ट मत: क्वार्टरबॅक चाचपडत असेल तर आधी प्रशिक्षकाकडे बघा.

पार्सिपनीकर

साफ असहमत. "पोरगा तोच" हे बरोबर, पण त्याच्या पुढची भिंत तीच होती का? २०२५ च्या मोसमाआधी बेअर्सनी जो थूनी, ड्रू डालमन आणि जोना जॅक्सन असे तीन नवे लाइनमन आणले. मधली तिन्ही माणसं नवी. एकशे चाळीस किलोच्या वर वजनाचे गडी समोरून अंगावर येतात, त्यांना अडवणारे बदलले तर सॅक कमी होणारच. त्याचं सगळं पुण्य प्रशिक्षकाच्या पदरात कसं टाकता?

दुसरं. केलेबचे अचूक पास पहिल्या वर्षी ६२.५ टक्के होते, जॉन्सन आल्यावर ५८.१ टक्के झाले. घसरले की!

सरोवरकाठ (शिकागो)

घसरले, कारण आता तो लांब टाकतो आणि दबाव आला की चेंडू बाहेर भिरकावून देतो. पहिल्या वर्षी तो चेंडू छातीशी धरून इकडून तिकडे पळायचा आणि शेवटी कोणाच्या तरी खाली सापडायचा. फेकून दिलेला पास टक्केवारी खातो, सॅक यार्ड खातो. मला टक्केवारी गेलेली चालेल. मोसमभराच्या पासचे यार्ड ३५४१ वरून ३९४२ वर गेले, टचडाऊन (सहा गुणांचे) पास २० वरून २७. "सोड, फेकून दे" हे त्याला कोणीतरी शिकवलंच ना?

रात्रपाळी_कोथरूड

अमेरिकेतल्या क्लायंटमुळे रात्रपाळी लागली आणि त्यातून हा खेळ लागला. नोव्हेंबरात रविवारचा पहिला सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतो, डबा उघडायची वेळ.

प्रशिक्षक बदलल्याने काय होतं ते नीट बघायचं तर हेल्मेट बघा. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका असतो, म्हणजे आत रेडिओ आहे. कोऑर्डिनेटर त्यात डाव सांगतो. चाळीस सेकंदांचं घड्याळ पंधरावर आलं की रेडिओ आपोआप बंद. तोवर ऐकलेली दहा-बारा शब्दांची साखळी (कोणी कुठे उभं राहायचं, लाइनने कुठल्या बाजूला सरकायचं, कोणी किती यार्डांवर वळायचं) त्याने हडलमध्ये (डावाआधीच्या घोळक्यात) जशीच्या तशी म्हणायची, रांगेत जायचं, समोरचा बचाव वाचायचा आणि गरज पडली तर तो डाव मोडून दुसरा लावायचा. नवा कोऑर्डिनेटर म्हणजे नवी भाषा. दरवर्षी.

अ‍ॅलेक्स स्मिथ आठवतोय का? २००५ मध्ये फॉर्टीनाइनर्सनी पहिल्या क्रमांकावर घेतला. पहिल्या वर्षी १ टचडाऊन आणि ११ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). पहिल्या चार वर्षांत संघाचे कोऑर्डिनेटर चार: माइक मॅकार्थी, टर्नर, हॉस्लर, मार्ट्झ. लोकांनी पोराला निकामी ठरवून टाकलं. २०११ मध्ये प्रशिक्षक जिम हार्बॉ आले, तोच स्मिथ, १७ टचडाऊन, ५ इंटरसेप्शन, संघ १३-३. सहा वर्षं त्या माणसाने शिव्या खाल्ल्या हो! मला अजूनही वाईट वाटतं.

त्यामुळे सरोवरकाठ यांना अर्धा पाठिंबा. चांगला प्रशिक्षक पाहिजेच, पण तो टिकलाही पाहिजे.

इंद्रायणी_मिनिआपोलिस

आता माझं ऐका, कारण या वादाचा प्रयोग आमच्या गावात झालाय. २०२४ मध्ये आमच्या व्हायकिंग्जकडे क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड आला. जेट्स आणि पँथर्स या दोघांनी सोडलेला, मग एक वर्ष फॉर्टीनाइनर्सच्या बाकावर बसलेला. प्रशिक्षक केविन ओकॉनल. १४-३! ३५ टचडाऊन. सगळे म्हणाले, ओकॉनलनी दगडाचा देव केला.

पुढच्या वर्षी डार्नोल्ड सिअ‍ॅटलला गेला. ओकॉनल इथेच. डाव तेच, पास झेलणारा जस्टिन जेफरसन तोच. क्वार्टरबॅक आला जे. जे. मॅकार्थी. आम्ही ९-८. आणि डार्नोल्ड? तिकडे माइक मॅकडोनल्ड यांच्याखाली, जे मुळात बचावाचे प्रशिक्षक, पुन्हा १४-३ आणि वर २०२६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल (अंतिम सामना) जिंकला. मग देव कोणी केला आणि दगड कोण होता?

मॅकार्थीला मी दोष देत नाहीये, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचं अख्खं पहिलं वर्ष गेलं. पण प्रशिक्षक हीच किल्ली असती तर आमचं कुलूप उघडलं असतं.

पार्सिपनीकर

इंद्रायणीताई, +1. हेच सांगतोय.

माजी_रेडर (सांगली / ह्यूस्टन)

तुम्ही दोन्ही बाजूंनी "बदला" वरच भांडताय. कोणीच "थांबा" म्हणत नाहीये.

क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये पहिल्या मोसमात २८ इंटरसेप्शन टाकले. पहिल्या वर्षाचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. कोल्ट्स ३-१३. आज असं झालं तर प्रशिक्षकाला नाताळाच्या आत घरी पाठवतील आणि पोराला बाकावर बसवतील. तेव्हा त्यांनी काय केलं? प्रशिक्षक जिम मोरा कायम, मॅनिंग कायम. पुढच्या वर्षी १३-३.

मी सांगलीत कबड्डी खेळायचो. रेडला गेलो की पहिले दोन-तीन मोसम पकडच व्हायची, कारण कोपऱ्यातला माणूस कधी सरकतो हे कोणी सांगून कळत नाही. घोट्याला हात पडून पडून कळतं. क्वार्टरबॅकचं वेगळं काय आहे?

सरोवरकाठ (शिकागो)

रेडर, मॅनिंग हा मॅनिंग होता. त्याचं उदाहरण सगळ्यांना लावलं तर कोणालाच कधी काढता येणार नाही. क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स घ्या. २०२१ मध्ये त्याच्या जॅग्वार्सकडे प्रशिक्षक अर्बन मायर. तेरा सामने, २-११, आणि काढले. लॉरेन्सचे त्या वर्षी १२ टचडाऊन, १७ इंटरसेप्शन. पुढच्या वर्षी डग पीटरसन आले, २५ टचडाऊन, ८ इंटरसेप्शन, आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) चार्जर्सविरुद्ध २७-० पिछाडीवरून ३१-३० ने जिंकले. मायरना आणखी दोन वर्षं दिली असती तर त्या पोराचं काय झालं असतं?

माजी_रेडर (सांगली / ह्यूस्टन)

मायर यांच्याबाबत मान्य, तिथे थांबण्यात अर्थ नव्हता. पण त्याच पीटरसन यांच्याकडे जॅग्वार्स २०२४ मध्ये ४-१३ होऊन तेही गेले. लॉरेन्स तेव्हा जखमी होता, हे खरं. म्हणजे दुखापत, लाइन, डाव, नशीब, सगळं गुंतलेलं आहे. एका माणसाच्या गळ्यात हार किंवा जोडा घालायची घाई मला पटत नाही.

पार्सिपनीकर

डार्नोल्डचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर हे मी सहसा कोणाला सांगत नाही.

२१ ऑक्टोबर २०१९, सोमवारची रात्र. आमचे जेट्स विरुद्ध पेट्रियट्स, मेटलाइफ स्टेडियम. वरच्या मजल्यावर मी आणि माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, हिरवी टोपी घातलेली. डार्नोल्डने चार इंटरसेप्शन टाकले, आम्ही ३३-० ने हरलो. बाकावर बसून तो म्हणाला की मला भुतं दिसतायत, म्हणजे नसलेले बचावपटू अंगावर येताना दिसतायत. त्याला माइक लावलेला होता, ते वाक्य देशभर ऐकवलं गेलं. बावीस वर्षांचं पोर. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात सगळे तेच म्हणून हसत होते. मीही हसलो.

त्याला आमच्याकडे तीन वर्षांत दोन मुख्य प्रशिक्षक मिळाले, बोल्स आणि गेस. २०२१ मध्ये आम्ही तिसरे आणले, सालेह, आणि डार्नोल्डलाच पँथर्सला देऊन टाकलं. जागी दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सन घेतला. प्रशिक्षकही बदलला, पोरगाही बदलला, हाती काही आलं नाही. २०२४ मध्ये पाच सामन्यांनंतर सालेहही गेले.

आणि सिअ‍ॅटलने सुपर बोलमध्ये कोणाला हरवलं? पेट्रियट्सनाच. मुलगी आता कॉलेजचे फॉर्म भरायच्या वयाची झालीय. सामना संपल्यावर कपाटातून ती टोपी काढून माझ्यासमोर ठेवली तिने, काही बोलली नाही.

तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही, गुण पोरात असतो. डार्नोल्डमध्ये तो २०१९ मध्येही होता. आमच्या मैदानावर तो कोणाला दिसला नाही, मलाही नाही.

सरोवरकाठ (शिकागो)

पार्सिपनीकर, हे वाचून गप्प झालो. पण मग दिसला कोणाला? ओकॉनलना दिसला ना? माझं एवढंच म्हणणं होतं.

इंद्रायणी_मिनिआपोलिस

ओकॉनलना दिसला, आणि तरी आमच्या संघाने त्याला जाऊ दिलं. त्याचा राग मला अजून आहे. तो वेगळा धागा काढते.