सेवासंस्थेत सचिवपद गळ्यात पडतंय, कसं टाळू? (रविवारच्या आत उत्तर हवं)

घाईगडबड
सात महिन्यांपूर्वी संस्थेत गेले ते काम करायला. आत्तापर्यंत काम किती झालं? मोजून पाच शनिवार. बाकी सगळा वेळ सभा, सत्कार, फोटोला उभं राहणं आणि फोटोत मधे कोण यावरचे रुसवेफुगवे. आता अध्यक्ष म्हणतात, पुढच्या वर्षी सचिव तूच. नाही म्हटलं तर शनिवार पण जाईल अशी भीती वाटते. ज्ञान नको, उपाय सांगा.

आकडेमोड
कसली संस्था? क्लब की न्यास? पद किती वर्षांचं? शनिवारी काय असतं? काहीच सांगितलेलं नाही, उपाय कुठून आणायचा?

जुना खेळाडू
सोडा. आजच. मी अकरा वर्षं काढली अशा एका संस्थेत. शेवटचं वर्ष खजिनदार म्हणून लोकांच्या मागे पावत्या मागत फिरण्यात गेलं. आता रक्तपेढीत नाव दिलंय. फोन आला की जायचं, रक्त द्यायचं, घरी यायचं. सभा नाही, इतिवृत्त नाही, पुढचे तीन महिने कुणी विचारत नाही.

शंकेखोर
म्हणजे वर्षातून चार दिवस समाजसेवा, बाकी सुट्टी :)

जुना खेळाडू
चार दिवस तरी खरी होते. सभेत किती होते ते सांगा.

खिडकीपाशी
सभांना इतकं हिणवू नका. रोटरी क्लबनं जगभरातून पोलिओ हटवायचं काम १९८५ मध्ये हाती घेतलं. १९८८ मध्ये जगात वर्षाला साधारण साडेतीन लाख रुग्ण होते, १२५ देशांत. आता हा आजार हटायला तयार नाही असे दोनच देश उरलेत, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान. डोस पाजणारे हात हवेतच, पण पैसे उभे करायला कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच कंटाळवाण्या सभांना बसलंय.

शंकेखोर
त्याच रोटरीच्या नियमांत १९८९ पर्यंत बायकांना सभासद होता येत नव्हतं. आता इतिवृत्त लिहायला मात्र बाई हवी!

आकडेमोड
विषयांतर नको. धागाकर्तीनं आधी संस्थेचे उपनियम वाचावेत. रोटरीत पूर्वी लागोपाठ चार सभा चुकल्या की सभासदत्व जायचं, २०१६ मध्ये ते नियम बरेच सैल झाले. तुमच्याकडे काय आहे?

नवीन सभासद
स्वयंसेवेचं प्रमाणपत्र मिळतं का? नोकरीच्या अर्जाला जोडायचंय.

कारकून
इतिवृत्ताचा नमुना देतो: दिनांक, वेळ, उपस्थिती, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, त्यानंतर ठराव, सूचक, अनुमोदक. सूचक आणि अनुमोदक एकच व्यक्ती नको, ही चूक नेहमी होते.

घाईगडबड
नमुना कुणी मागितला? बरं, सांगते. शनिवारी दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रण करतो.

शंकेखोर
हे आता संगणकच वाचून दाखवतो की.

घाईगडबड
मजकूर वाचतो, आकृतीचं काय? पहिल्या शनिवारी मी ‘आकृती ३ पाहा’ असं वाचलं आणि सरळ पुढच्या परिच्छेदावर गेले. ऐकणाऱ्या मुलाचा निरोप आला, ‘ताई, मी कशी पाहू? तुम्ही पाहा आणि मला सांगा.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता एकेका आकृतीला अर्धा तास लागतो. हृदयाचे चार कप्पे, कोण कुणाच्या शेजारी, रक्त कुठून येतं, कुठे जातं, हे नुसत्या शब्दांत सांगून बघा एकदा. परवा त्यानं ती आख्खी आकृती मला तोंडी म्हणून दाखवली. वर मी एक झडप विसरले होते, तीही सांगितली!

आकडेमोड
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं. ध्वनिमुद्रणाची खोली कुणाची?

घाईगडबड
शाळेची. संस्था फक्त माणसं पाठवते. बाराजण ठरले होते, जातो दोघीच. हे सांगायला हवं होतं का?

शंकेखोर
हो!!! मग संस्थेला घाबरता कशाला? शाळेला थेट विचारा.

खिडकीपाशी
मी तर म्हणेन सचिव व्हाच. विषयपत्रिका सचिव काढतो. पहिला विषय ‘या शनिवारी कोण येणार’, सत्कार सगळ्यात शेवटी. तोवर निम्मे लोक उठलेले असतात.

जुना खेळाडू
मीही असंच काहीतरी मनात धरून खजिनदार झालो होतो.

घाईगडबड
शाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, जरूर या, संस्था असो नसो. पण परीक्षेआधी अजून सहा पुस्तकं व्हायचीत, दोघींनी कसं होणार? म्हणजे माणसं लागणार, आणि ती त्या फोटोवाल्यांतूनच काढावी लागणार. कारकून दादा, मघाशी उगाच चिडले. विषयपत्रिकेचा नमुना आहे का?

नवीन सभासद
प्रमाणपत्राचं कुणीच सांगितलं नाही.