‘गॅट्सबी’मधले दोन नवरे: विल्सनवर लेखकानेच अन्याय केला का?

वाटसरू

‘द ग्रेट गॅट्सबी’ तिसऱ्यांदा वाचली. कॉलेजात असताना गॅट्सबीने वेड लावलं होतं. या वेळी मात्र डोक्यातून जात नाहीये तो गॅरेजवाला जॉर्ज विल्सन.

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फिट्झजेराल्डची १९२५ची कादंबरी, काळ १९२२चा उन्हाळा, न्यूयॉर्क आणि लाँग आयलंड. गडगंज टॉम ब्युकॅननचं विल्सनच्या बायकोशी, मर्टलशी, लफडं चालू आहे. तिकडे टॉमची बायको डेझी जुन्या प्रियकराच्या, म्हणजे गॅट्सबीच्या, प्रेमात पुन्हा पडलीय. सातव्या प्रकरणात, अंगाची लाही होणाऱ्या एकाच दुपारी, गोष्ट सांगणारा निक दोन्ही नवऱ्यांना पाहतो. दोघांनाही घरातलं नुकतंच कळलेलं. त्याच्या मनात येतं की माणसामाणसांतला सगळ्यात मोठा फरक आजारी आणि धडधाकट यांच्यातला.

मला हे अजिबात पटत नाही. फरक पैशाचा आहे. टॉमला भांडायला प्लाझा हॉटेलातला स्वीट मिळतो, आणि संध्याकाळपर्यंत बायको परतही मिळते. विल्सन काय करतो? बायकोला घेऊन पश्चिमेकडे निघून जायचं, त्यासाठी पैसे हवेत, म्हणून टॉमची जुनी गाडी विकत मागतो. बायकोच्या यारापासून तिला सोडवायला त्या यारापुढेच हात पसरतो, आणि त्या बापड्याला पत्ताच नाही!

वर लेखकाने टॉमचा प्रसंग पानंच्या पानं रंगवला. विल्सनला कळलं तो क्षण मात्र पडद्याआड. हा अन्याय नाही तर काय?

अर्धा_कप

बापडा? अहो, त्याने बायकोला वरच्या खोलीत कोंडून ठेवलंय! शेजारच्या मायकेलिसला सांगतो, परवापर्यंत ती तिथेच राहील, मग आम्ही जाणार. तिला विचारलंय का कुणी? १२ वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःहून घेतलेला बहुधा पहिलाच निर्णय, आणि तो कुलूप लावण्याचा.

एकाने तिचं नाक फोडलं (दुसऱ्या प्रकरणात, का तर डेझीचं नाव घेतलं म्हणून), दुसऱ्याने कोंडलं. त्यानंतर ती अंधारात धावत सुटते आणि गाडीखाली जाते. माझी सहानुभूती मर्टलला. नवऱ्यांचं तुम्ही बघा.

निळी_छत्री

वाटसरू, ‘पडद्याआड’ याबद्दल कडाडून असहमत. तो कुत्र्याचा पट्टा विसरलात?

मर्टल गेल्यानंतरची रात्र आठवा. मायकेलिस विल्सनजवळ बसून आहे. विल्सन त्याला खण उघडायला लावतो. आत फक्त एक छोटासा, महागडा पट्टा. चामडं आणि विणलेली चांदी, एकदम कोरा. घरात कुत्रा नाही. हा पट्टा तिच्या कपाटावर टिश्यू पेपरात गुंडाळलेला सापडला होता. मायकेलिस त्याला समजवायला पट्ट्याची दहा-बारा साधीसुधी कारणं देतो, आणि विल्सन पुन्हा ‘अरे देवा’ पुटपुटायला लागतो. कारण त्यातली काही त्याने आधीच ऐकलेली असावीत. बायकोच्या तोंडून!

नवरा-बायकोचं भांडण समोर दाखवलं असतं तर हे साधलं असतं का? ती काय काय थापा मारत होती ते आपल्याला एका भल्या शेजाऱ्याच्या तोंडून कळतं. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तळटीप

दोन्ही नवऱ्यांना ‘सारखंच’ कळलं, हेच मुळात चूक. विल्सनला बाई कळली, माणूस कळलाच नाही. ती सारखी न्यूयॉर्कला बहिणीकडे जाते, यावर तो विश्वास ठेवून होता. टॉम तर त्याला जिवंत असल्याचंही भान नसलेला मठ्ठ म्हणतो. शेवटी विल्सन गोळी घालतो तीही भलत्याच माणसाला, गॅट्सबीला.

टॉमचं उलटं. त्याला जेवणाच्या टेबलावर एका वाक्यात माणूसच कळतो. डेझी गॅट्सबीला म्हणते, तू नेहमी किती गार दिसतोस. बस्स! आणि मग प्लाझात हा गृहस्थ कुटुंबव्यवस्था कशी बुडत चाललीय यावर व्याख्यान झोडतो. चोराच्या उलट्या बोंबा. त्याला दुःख प्रेमाचं नाहीये, बायको आणि ठेवलेली बाई दोघी एकाच तासात हातातून निसटल्या याचं आहे.

वाटसरू

@निळी_छत्री, पट्ट्याचा मुद्दा मान्य. तो प्रसंग मी घाईत वाचला होता, कबूल.

@अर्धा_कप, कोंडण्याचं समर्थन नाहीच. पण लग्नात त्याने दुसऱ्याचा सूट उसना घेऊन घातला होता, हे कळल्यावर दुपारभर रडलेली मर्टलही आठवा. ती त्या माणसाला नाही, त्या सुटाला नाकारते. तोही पैशाचाच मुद्दा.

अर्धा_कप

पैशाचा असेल, पण मग तिचाही धरा ना! तिला गॅरेजच्या वरच्या खोलीतून बाहेर पडायचंय, विल्सनला पश्चिमेला. दोघंही अडकलेले. कुलपाची किल्ली मात्र एकाच्याच खिशात.

आणि टॉमला इतकं कोरडं ठरवू नका, @तळटीप. शेवटी तो निकला सांगतो की मर्टलसाठी ठेवलेला फ्लॅट सोडायला गेलो, तिथे कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा दिसला आणि मी लहान मुलासारखा रडलो.

तळटीप

रडला असेल. पण मर्टल गेली त्याच रात्री डेझीसमोर बसून थंड चिकन आणि बिअरच्या बाटल्या पुढ्यात होत्या, आणि तो तिला समजावत होता. मर्टल जिच्याखाली गेली त्या पिवळ्या गाडीच्या मालकाचं, गॅट्सबीचं, नाव विल्सनला कुणी सांगितलं तेही बघा.

निळी_छत्री

विषयांतर होतंय, तरी विचारते. पट्टा विल्सनच्या खणात, बिस्किटं टॉमच्या फ्लॅटवर. टॉमने मर्टलसाठी १० डॉलरला घेतलेल्या त्या कुत्र्याच्या पिल्लाचं पुढे काय झालं?

वाटसरू

शप्पथ, आत्ता पुन्हा पानं चाळली. कुठेच नाही.