सॉल्टेअरला एका दिवसात काय पाहावं?

भटकी: आईबाबा इंग्लंडात लीड्सला माझ्याकडे आलेत. शनिवारी जवळच्या सॉल्टेअर या जुन्या गिरणीच्या गावाला न्यायचंय. बाबा गिरणगावात वाढलेले, त्यामुळे गिरणी म्हटलं की उत्साह. आईचे गुडघे दुखतात. अर्धा दिवस पुरेल?

काठावरचा: पुरेल, पण घाई करू नका. ट्रेन गावातच सोडते. टायटस सॉल्ट या शेठची गिरणी १८५३ साली सुरू झाली, अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या लोकरीच्या कापडासाठी. १९८६ मध्ये बंद पडली, आता आत चित्रकार हॉकनीची चित्रं आणि पुस्तकांचं दुकान आहे. प्रवेश फुकट. मला मात्र बाहेरच्या कामगारवस्तीतच जास्त रमायला होतं. गल्ल्यांना सॉल्टच्या बायकोमुलांची नावं: कॅरोलिन, फॅनी, एडा. बाबांना विचारा, आपल्या चाळींना मालकाने पोरीबाळींची नावं दिली असती का! शेठने गावात दारूचा गुत्ता मात्र होऊ दिला नाही.

भटकी: हे बाबांना वाचून दाखवलं, खूप हसले. आणि कालवा?

काठावरचा: गिरणीला खेटूनच. काठची वाट सपाट, आईंना जमेल तेवढं चाला. पाऊस पडून गेला असेल तर चिखल होतो, चपला नकोत.

घाटकरीण: जमलं तर याच कालव्यावरची, बिंगली गावातली पाच लॉकची (बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या पाण्याच्या हौदांची) पायरी बघाच, १७७४ची. एकाचा वरचा दरवाजा तोच पुढच्याचा खालचा. बोट साधारण १८ मीटर चढते. आईंना ट्रेनने न्या, एकच स्टेशन पुढे.